बंगाली मास्तरांचे बंधपत्र

शांतता भंग करण्याची दाट शक्यता असलेला एक इसम आमच्या डोक्यावर, दुसऱ्या मजल्यावर राहतो, हे मला एका पोलीस शिपायाने माझ्याच दारात उभे राहून सांगितले. वरची बेल वाजत नव्हती म्हणून तो खाली माझ्याकडे आला होता. "तुम्हीच घ्या ना नोटीस, सही करा आणि द्या त्यांना," असे तो म्हणाला. नोटीस ज्याची त्याच्यावर बजावावी लागते, शेजाऱ्याच्या हातात कोंबून बजावणी पुरी होत नाही, हे मी त्याला जागच्या जागी ऐकवले. त्यावर तो म्हणाला, "काका, लिफ्ट बंद आहे हो तुमची." माझे कान तापले. तेवढ्यात नोटिशीवरच्या नावाकडे माझी नजर गेली, आणि संताप बाजूला राहून मी नुसताच पाहत उभा राहिलो.

तो इसम म्हणजे आमच्या सावेडीतल्या सोसायटीतले सर्वांत वृद्ध रहिवासी. ऐंशीच्या घरातले, काठी टेकत चालणारे, उजवा हात कोपरातून कधीच सरळ न होणारे बंगाली गृहस्थ. दुपारी माझा डोळा लागायच्या वेळी वर त्यांची काठी फरशीवर पडे, एवढाच काय तो शांतताभंग मी इतक्या वर्षांत अनुभवला होता. त्याबद्दल मी सोसायटीच्या सचिवांना एक पत्रही दिले होते. त्यानंतर काठीच्या टोकाला रबर आले.

माझी सारी नोकरी जिल्हा न्यायालयात गेली. अधीक्षक म्हणून निवृत्त झालो आणि तेव्हापासून पत्रे लिहितो. वृत्तपत्राला, महानगरपालिकेला, वीज कंपनीला, जिल्हाधिकाऱ्यांना. उत्तरे येत नाहीत, पोच येते. पोच हीसुद्धा कायद्याच्या दृष्टीने मोलाची वस्तू आहे, असे मी मानत आलो. इमारतीत मला कोणी फारसे जिन्यात थांबवून बोलत नसे. थांबवत ते फक्त वरच्या मजल्यावरचे. "काय साहेब, आज कुनाला ठोकलं?" असे विचारत, आणि मी पत्राचा मसुदा वाचून दाखवला की शेवटी म्हणत, "लई भारी. पन तुमच्या पत्रात मानूस कुठं दिसत न्हाई. समदे अधिकारीच दिसत्यात."

हे वाक्य वाचून कोणालाही वाटेल की बोलणारा एखादा पाटील असावा. बोलणारा संस्कृत नाट्यशास्त्राचा गाढा विद्वान होता. तरुणपणी ते कलकत्त्यात शिकवत आणि नाटके लिहीत. ती नाटके थिएटरात होत नसत, गिरणीच्या फाटकासमोर होत. सत्तरच्या दशकात त्यांना उचलून नेले आणि खटल्याशिवाय कोठडीत ठेवले. तिथे त्यांचे कोपर मोडले. इस्पितळातल्या कैद्यांच्या वॉर्डात जी परिचारिका त्यांच्या हाताला पट्टी बांधत असे, ती आमच्या नगरची, इथल्या जुन्या ख्रिस्ती कुटुंबातल्या शिक्षकाची मुलगी. सुटका झाल्यावर त्यांना कोणी नोकरी दिली नाही. ते तिच्या मागोमाग नगरला आले, इथल्या तमाशाचा अभ्यास करू लागले आणि इथलेच झाले. मराठी ते फडावरच्या माणसांकडून आणि ऊसपट्ट्यातल्या शेतकऱ्यांकडून शिकले. एकदा मी त्यांना म्हणालो, "सर, आपल्यासारख्या विद्वानाने शुद्ध मराठी शिकायला हरकत नव्हती." ते म्हणाले, "शुद्ध तुमी बोलता की. मला ज्यांच्याशी बोलायचं हाय, ते न्हाई बोलत."

त्यांच्या पत्नीला सारी सोसायटी 'सिस्टर' म्हणते. मी शिपायाबरोबर वर गेलो तेव्हा दार त्यांनीच उघडले. शिपायाने कागद पुढे केला आणि "इथे सही" म्हणाला. सिस्टरनी पेन घेतले.

"यांनी करायची," शिपाई म्हणाला.

"हे सही करत नाहीत," सिस्टर म्हणाल्या. "पार्सलवाल्याच्या मोबाईलवरसुद्धा मीच बोट फिरवते. बँकेत खातंसुद्धा माझ्या नावावर आहे. पन्नास वर्षांचा संसार झाला, भाऊ, यांची सही कशी दिसते ते मला माहीत नाही."

मी हे विनोद म्हणून ऐकले. त्या हसल्या नाहीत. शिपायाने "घेण्यास नकार" असा शेरा मारला, नोटीस दाराला चिकटवली, आपल्या मोबाईलवर तिचा फोटो काढला आणि निघून गेला. मग सिस्टरनी चहा टाकला आणि स्वयंपाकघरातून सांगितले. कलकत्त्याच्या कोठडीत त्यांच्यापुढे एक टाइप केलेला कागद ठेवला होता. त्यात काही मित्रांची नावे होती आणि ते मित्र कुठे असतात याची माहिती होती. खाली सही केली की सुटका. त्यांनी केली नाही. त्याच काळात त्यांची आई वारली. पुन्हा तोच कागद आणला गेला, सही करा आणि अग्नी द्यायला जा. त्यांनी केली नाही. तेव्हापासून सही बंद.

"आता सांगून काय उपयोग," हॉलमधून आवाज आला. "चहात साखर टाक. नोटीस लई कडू हाय."

नोटीस खरोखरच वाचण्यासारखी होती. जुन्या फौजदारी संहितेचे कलम एकशे सात, ज्याला आमच्याकडे सरसकट चॅप्टर केस म्हणतात, ते नव्या संहितेत एकशे सव्वीस झाले आहे. छापील नमुना मात्र जुनाच होता. जुना आकडा पेनाने खोडून वर नवा लिहिला होता. अमुक इसम शांतता भंग करील अशी खबर मिळाल्याने, शांतता राखण्याचे बंधपत्र का घेण्यात येऊ नये याचे कारण त्याने तालुका कार्यकारी दंडाधिकाऱ्यांपुढे हजर होऊन दाखवावे, असा एकूण मजकूर. निवडणूक किंवा सण आला की असल्या नोटिशा गठ्ठ्याने निघतात. ज्यांच्यावर मारामारीचे गुन्हे आहेत अशांसाठी त्या असतात. पण या नोटिशीतल्या हाताने भरलेल्या ओळी मी तीनदा वाचल्या आणि तिन्ही वेळा माझा विश्वास बसला नाही. "सदर इसम हा बाहेरगावचा असून परिसरातील प्रतिष्ठित व्यक्तींना पाहून लोकांना हसण्यास प्रवृत्त करतो. सदर हसण्यातून दखलपात्र गुन्हा घडण्याची दाट शक्यता आहे."

मी आयुष्यभर फिर्यादी वाचल्या. हसण्याविरुद्धची फिर्याद पहिलीच.

प्रकरण होते वगाचे. जिल्ह्याच्या दक्षिणेतल्या ऊसपट्ट्यात एक गाव आहे. नाव मुद्दामच लिहीत नाही, त्या माणसांना तिथेच राहायचे आहे. दर वर्षी गावच्या यात्रेआधी हे गृहस्थ तिथे मुक्काम करत आणि गावकऱ्यांना घेऊन एक वग बसवत. तिथे ते 'बंगाली मास्तर'. वग लिहायची त्यांची पद्धत विचित्र होती. ज्याचा ज्याच्यावर राग, त्याने त्याचेच सोंग घ्यायचे. सासूवर चिडलेली सून सासू होणार, तलाठ्यावर चिडलेला शेतकरी तलाठी होणार. आणि सोंग घेतल्यावर त्या माणसाची बाजू मनापासून मांडायची, खोटेपणा नाही. माणसे बोलत, मास्तर ते लक्षात ठेवत आणि घरी आल्यावर सिस्टरना सांगून उतरवून घेत.

या वर्षीचा वग साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर होता. ट्रॅक्टरभर ऊस काट्यावर चढतो आणि काट्यावर हलका होतो, ही त्या गावाची जुनी तक्रार. वगात काट्यावर सगळेच चढत. ऊस चढे, बैल चढे, नवरदेव चढे, आणि प्रत्येक जण उतरताना हलका होई. शेवटी कारखान्याचे चेअरमन चढत आणि काटा मोडे. चेअरमनचे काम करणारी बाई पन्नाशीची, स्वतःची बागायत स्वतः कसणारी. गाव तिला आक्का म्हणते. तिचाच ऊस दर हंगामात काट्यावर हलका भरे, म्हणून मास्तरांच्या नियमाने चेअरमन तीच. कोट, गॉगल, आणि दर वाक्याआधी घसा खाकरणे. तालमीतला एक तुकडा कोणीतरी मोबाईलवर घेतला आणि तो तालुकाभर फिरला. संचालक मंडळाची निवडणूक तोंडावर होती. बाकी सांगायला नको.

मी कामाला लागलो. नवी संहिता विकत आणून पेन्सिलीने खुणा केल्या आणि लेखी म्हणणे तयार केले. माझे म्हणणे साधे होते. खबरीला ठोस आधार हवा, हसणे हा गुन्हा नाही, आणि ऐंशी वर्षांच्या माणसाकडून बंधपत्र मागणे हा अधिकाराचा उघड दुरुपयोग आहे. बंधपत्र द्यायचे नाही. मग त्यांना कोठडीत पाठवण्याचा आदेश निघेल, त्या आदेशाला आपण सत्र न्यायालयात आव्हान देऊ, गरज पडली तर औरंगाबादच्या खंडपीठापर्यंत जाऊ, आणि गठ्ठ्याने नोटिशा काढण्याची ही पद्धतच एकदाची उघडी पाडू. ज्याने आईच्या चितेसाठी सही केली नाही, त्याच्याइतका योग्य पक्षकार मला आयुष्यात मिळणार नव्हता. मी हे सारे त्यांना वाचून दाखवले. ते डोळे मिटून ऐकत होते.

"बघू," ते म्हणाले.

तारखेला आम्ही तिघे भाड्याच्या गाडीने निघालो. सिस्टरनी गोळ्यांचा डबा, पाण्याची बाटली, एक स्वेटर आणि उशी बरोबर घेतली होती. उशी पाहून मी विचारले. "आत ठेवलं तर लागेल," त्या सहज म्हणाल्या आणि ती मांडीवर घेऊन बसल्या.

तहसील कचेरीच्या व्हरांड्यात त्या दिवशी आणखी पुष्कळ माणसे चॅप्टर केससाठी आली होती. बांधावरून भांडलेले दोघे भाऊ एकाच बाकावर बसून एकाच पुडीतले शेंगदाणे खात होते. कारकून बाहेर येऊन नावे पुकारी, माणूस आत जाई, सही करी, अंगठ्याने शाई पुसत बाहेर येई. न्यायालयात जन्म गेलेल्या माझ्यासारख्याला ते पाहवत नव्हते. चौकशी नाही, साक्ष नाही, प्रश्न नाही. गिरणीत दळण टाकावे तशी माणसे आत टाकली जात होती.

आमचे नाव आले. दंडाधिकारी तरुण होते. समोरच्या कागदावर काहीतरी लिहीत होते. मान वर न करता म्हणाले, "सही करा."

मी पुढे झालो आणि लेखी म्हणणे टेबलावर ठेवले.

"आपण वकील?"

"शेजारी."

"शेजाऱ्याला म्हणणं मांडता येत नाही," ते कागदालाच म्हणाले. दुर्दैवाने हे बरोबर होते. पक्षकाराच्या वतीने उभे राहायला मला परवानगी घ्यावी लागली असती, आणि परवानगी मागायला त्यांनी मान वर करायला हवी होती.

मास्तर काठीवर भार देऊन उभे होते. "मी सही करत न्हाई," ते म्हणाले.

कारकून दचकला. बंगाली चेहरा, खादीचा झब्बा, आणि तोंडातून ही भाषा. "बाबा, मग आत बसावं लागंल," तो हळूच म्हणाला.

"बसतो की. उशी आनलीय."

दंडाधिकाऱ्यांचे पेन क्षणभर थांबले. मान तरीही वर आली नाही. "हे दुपारनंतर घ्या," ते म्हणाले. आम्ही बाहेर आलो. मी लेखी म्हणण्याची पोच कारकुनाकडून शिक्क्यासह घेतली. खरे सांगतो, मला विजय दिसू लागला होता.

आणि तेव्हाच हलगीचा आवाज आला.

त्या गावात एक रिवाज आहे. गावचा माणूस चॅप्टर केसच्या तारखेला गेला की त्याला परत आणायला कचेरीच्या फाटकाशी टेम्पो न्यायचा, हार घालायचा, गुलाल टाकायचा आणि हलगी वाजवत घरी न्यायचे. सरपंचापासून बांध कोरणाऱ्यापर्यंत सगळ्यांना हा मान मिळतो. न मिळाला तर तो अपमान समजतात. मास्तर बाहेरगावचे म्हणून त्यांच्या मानात काही कमी पडू नये, अशा हट्टाने सारा वगच टेम्पोत भरून आला होता. प्रत्येकाच्या हातात जामीन राहण्यासाठी सातबाराचा उतारा. आणि सर्वांच्या पुढे आक्का, थेट तालमीवरून आलेली, चेअरमनच्या कोटात आणि गॉगलमध्ये.

"सुटले का मास्तर?" तिने फाटकातूनच हाक दिली.

"अजून निकाल नाही," मी ओरडलो. "वाजवणे बंद करा! कृपा करून बंद करा!"

हलगीवाल्याला फक्त माझे हात हललेले दिसले. त्याने जोर वाढवला. आक्काने सवयीने घसा खाकरला आणि कचेरीतले यच्चयावत लोक, दोन्ही भावांसह, खदाखदा हसले. नोटिशीत लिहिलेला गुन्हा माझ्या डोळ्यांसमोर, दंडाधिकाऱ्यांच्या खिडकीखाली घडत होता. फाटकाशी उभे असलेले फौजदार मोबाईल उंच धरून तो चित्रित करत होते.

चित्रीकरण संपल्यावर ते आमच्याकडे आले. बोलणे सौम्य होते. "जिल्ह्यात जमावबंदी लागू आहे, काका. पोलीस कायदा, कलम सदतीस एक-तीन. पाचापेक्षा जास्त माणसं, वाद्य, विनापरवाना मिरवणूक. या सगळ्यांची नावं घ्यावी लागतील. गुन्हाही होईल आणि पुढच्या वेळी यांनाही चॅप्टर."

"घ्या की नावं," आक्का म्हणाली. "मागं पान्याच्या मोर्च्याला घेतली हुती तीच अजून वहीत असतील. फक्त आमच्या मालकांचं खोडा, ते वारले."

"आक्का, हसू नका. कोर्टात उभं राहावं लागंल."

"उभं तर काट्यावर बी राहतोच आमी. तिथं बी तुमचंच वजन धरत्यात."

फौजदार माझ्याकडे वळले. "बाबांचं बंधपत्र झालं असतं तर विषय मिटला होता. मग या गोंधळाकडे आम्ही काय बघणार? गावाकडची माणसं, आनंदानं आली. पण बाबा सही करत नाहीत म्हटल्यावर वरून विचारतील, कुणाच्या जोरावर करत नाहीत."

ही सरळ सौदेबाजी होती, आणि मी तसे त्यांना तोंडावर सांगितले. एका माणसाची सही मिळवण्यासाठी दुसऱ्यांवर गुन्ह्याची भीती घालणे हा स्वतःच गुन्हा आहे, हेही सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि वहीत पहिले नाव लिहिले. हलगीवाल्याचे. तो एव्हाना वाजवायचा थांबला होता आणि उतारा घडी करून खिशात ठेवत होता.

बाकावर बसलेल्या मास्तरांनी सिस्टरकडे हात पुढे केला. "पेन दे."

मला वाटले, त्यांना काही लिहून द्यायचे आहे. निषेधाचे वगैरे. ते उठले आणि कारकुनाच्या टेबलाकडे चालू लागले तेव्हा मला कळले, आणि मी त्यांच्या आडवा गेलो. "सर, असे करू नका. गुन्हा टिकणार नाही. एकही टिकणार नाही. मी लिहून देतो. आपण वर जाऊ."

"वर तर जायाचंच हाय," ते म्हणाले. "बाजूला व्हा, साहेब."

मी बाजूला झालो नाही. सिस्टरनी माझ्या दंडाला धरून मला बाजूला केले.

कोपर सरळ होत नसल्याने त्यांना टेबलावर तिरके वाकावे लागले. पेन कागदावर टेकवून ते इतका वेळ थांबले की कारकुनाने बोट ठेवून जागा दाखवली. मग त्यांनी सही केली. बंगाली लिपीत, लांबलचक, शाळकरी मुलासारखी अक्षर-अक्षर जुळवत.

"हे काय? मराठीत करा," कारकून म्हणाला.

माझ्या आत तुंबलेले सगळे त्या एका वाक्यावर फुटले. सही ही कोणत्याही लिपीत वैध असते, ज्याला लिपी येत नाही त्याचा अंगठाही वैध असतो, आणि पन्नास वर्षांनी झालेली ही सही मराठीत मागण्याचा अधिकार या कचेरीत कोणालाही नाही, असे मी इतक्या मोठ्याने म्हणालो की आतले दंडाधिकारी म्हणाले, "घ्या, घ्या, असू दे." त्या दिवशी मी जिंकलेला तो एकमेव मुद्दा. खाली जामीनदार म्हणून माझी सही झाली. सहा महिने शांतता राखली जाईल, याची हमी मी दिली होती. शांतता!

बाहेर टेम्पोपाशी माणसे उभी होती. कोणालाच गुलालाच्या पुडीला हात लावावासा वाटेना. आक्काने गॉगल काढला. डोळे लाल झाले होते. "आमी आलोच नसतो तर बरं झालं असतं, न्हाई का मास्तर?"

"आला नसता तर मी रुसलो असतो," ते म्हणाले. "हार कुठं हाय माझा?"

तिने हार घातला. गुलाल मात्र पुडीतच राहिला.

परतीच्या वाटेवर मी बोलत होतो. केडगाव येईपर्यंत मीच बोलत होतो. हातची केस कशी गेली, बंधपत्र म्हणजे खबर कबूल केल्यासारखेच कसे दिसते, पुढच्या निवडणुकीला याच सहीचा दाखला देऊन पुन्हा नोटीस कशी येईल. मास्तर हार घालूनच खिडकीबाहेर पाहत बसले होते. शेवटी सिस्टर म्हणाल्या, "भाऊ, उशी मी यांच्यासाठी घेतली होती. केस तुमची होती."

मला त्या वाक्याचा राग आला. केडगावच्या चौकात उसाच्या ट्रॅक्टरमागे गाडी अडकली तेव्हा मास्तरच म्हणाले, "साहेब, तवा सही केली असती तर दुसरे आत गेले असते. आज सही न्हाई केली तर दुसरे आत गेले असते. माझ्या लेखी कागद एकच हाय. मी दोन्ही बारी तो तसाच वाचला." हारातली एक पाकळी पायाशी पडली होती, ती त्यांनी वाकून उचलली.

यात्रेला त्यांनी गावात येऊ नये, असे फौजदारांनी फोनवर सांगितले. तोंडी. लेखी आदेश दाखवा, असे मी कळवले, पोचही मिळाली, आदेश मिळाला नाही. मास्तर म्हणाले, "न्हाई जात. पन तुमी जा. तुमी जामीनदार हाय. शांतता राखली का बघायला नको?" ते चेष्टा करत होते. मी मात्र गेलो. जामीनदाराने वस्तुस्थितीची खात्री करणे योग्यच होते.

यात्रेच्या दुसऱ्या दिवशी, सकाळच्या उन्हात, देवळासमोरच्या पटांगणात वग होता. उभे राहायला जागा नव्हती. ऊस चढला, बैल चढला, नवरदेव चढला. लोक हसत होते. दोन शिपाई मागे उभे होते, तेही हसत होते. मग आक्काने चेअरमनचा कोट काढून ठेवला आणि मास्तरांसारखी काठी टेकत काट्यावर चढली.

"आता आमाला दंडाधिकारी पायजे," ती म्हणाली. "नियम म्हाईत हाय ना सगळ्यांना? ज्याचा ज्याच्यावर राग. इथं त्यांच्यावर लई राग असलेला मानूस कोन हाय?"

आणि ती माझ्याकडे पाहू लागली. तिच्याबरोबर सारे पटांगण माझ्याकडे पाहू लागले. मी नकार दिला. मी निवृत्त शासकीय नोकर आहे, असेही म्हणालो. "तेच पायजे!" मागून कोणीतरी ओरडले. दोन्ही बाजूंनी हात धरून मला वर नेले. पुढे खुर्ची, टेबल, आणि टेबलावर वर्तमानपत्राचा एक चुरगळलेला कागद.

मी उपहास करणार होतो. बसलो. कागद सरळ केला. आणि माझ्या तोंडून आवाज निघाला, "सही करा."

तो आवाज उपहासाचा नव्हता. तो माझाच आवाज होता, नोकरीतला. पक्षकारांना, साक्षीदारांना, पुरुषांना, बायकांना मी याच आवाजात बोलत आलो होतो. घसा न खाकरता, न चढवता, सहज. पटांगणात कोणी हसले नाही.

"मी सही करत न्हाई," आक्का म्हणाली. मास्तरांचीच लकब, तोच हेल.

इथून पुढे काय बोलायचे ते कोणी मला सांगितले नव्हते. सोडून द्या, असे म्हणता आले असते. संहितेत तशी तरतूद आहे, खबरीत तथ्य नसेल तर सोडून द्यावे. माझ्या लेखी म्हणण्यात तीच मागणी होती, आणि या क्षणी या पटांगणापुरते ते अधिकार पूर्णपणे माझे होते. मी कागदाकडे पाहिले. कागदावर साबणाची जाहिरात होती.

"आत घ्या यांना," मी म्हणालो.

पुढच्या रांगेतली एक म्हातारी कपाळावर हात मारून म्हणाली, "अगं बया, घातलं का आत म्हाताऱ्याला!" आक्का काठी टेकत टेकत काट्यावरून उतरली आणि बाजूला गेली. मी खुर्चीतच बसून होतो. वर्षानुवर्षे मी अधिकाऱ्यांना जे विचारत आलो, तुम्हाला हे करवले कसे, ते विचारायला आता समोर कोणी नव्हते.

सावेडीला परतलो तो सरळ दुसऱ्या मजल्यावर गेलो. बेल अजून बिघडलेलीच होती, मी दार ठोठावले. मास्तर खिडकीशी बसले होते. हार वाळून खिळ्याला टांगलेला. मी त्यांना सगळे सांगितले, अगदी शब्दाला शब्द. सिस्टर चहाचा कप हातात धरून दारातच थांबल्या.

मास्तरांनी एकच विचारले.

"'आत घ्या' म्हनलात तवा तुमी आक्काकडं बघत हुता, का कागदाकडं?"

"कागदाकडे."

त्यांनी मान हलवली, एखाद्या नटाने अवघड जागा साधल्यावर हलवावी तशी. "मंग सोंग बरूबर झालं," ते म्हणाले. "बसा. चहा घ्या."

मी बसलो. त्या संध्याकाळी लिहायला काढलेले पत्र अजून टेबलावर आहे. कोणाला उद्देशून लिहावे, ती जागा मला भरता आलेली नाही.